यिशुनच्या घरातली लाल पाटी

या सदरात लिहिणारा जो तो 'माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही' असं म्हणूनच सुरुवात करतो, आणि ते वाचून मी नेहमी हसायचे. विश्वास नाही तर लिहिता कशाला, अशा खवचट कॉमेंट्सही मी इथे टाकल्या आहेत... जुन्या धाग्यांवर सापडतील, शोधू नका. आता माझ्यावर पाळी आलीये. तर — माझा विश्वास नव्हता. भुताखेतांवर तर नाहीच, देवावरही जेमतेम. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. कुणी 'असं झालं' म्हणालं की 'पुन्हा करून दाखव' म्हणायचं, यावर माझं पोट चालतं. आणि आधीच सांगते, ही गोष्ट घाबरवणारी नाही. मला यात भीती फारशी वाटली नाही. लाज वाटली. अजून वाटते.

मी मेधा, मूळची पुण्याची. सिंगापूरला येऊन सात वर्षं झाली. माझं ऑफिस चांगी बिझनेस पार्कला. नवरा निखिल जुरोंग आयलंडवर एका केमिकल प्लांटमध्ये इंजिनिअर, पहाटे कंपनीची बस पकडतो. मुलगी ईरा आठ वर्षांची. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर देते इंग्लिशमध्ये आणि शेवटी इथल्या मुलांसारखं 'ला' लावते.

गेल्या वर्षी आमच्या कॉन्डोच्या मालकानं फ्लॅट विकायला काढला आणि आम्ही घर शोधायला लागलो. इथे ज्यांनी घर शोधलंय त्यांना ठाऊक आहे काय असतं ते. एजंट पहिल्यांदा गोड बोलतो, मग नाव विचारतो, मग 'कुकिंग करणार का' विचारतो, आणि मग त्याचा फोनच येत नाही. एकीनं तर मेसेज केला, सॉरी, ओनरला फोडणीचा वास चालत नाही. दीड महिना हेच. लीज संपायला तीन आठवडे राहिले तेव्हा मी रात्री ताटावर बसून रडले होते, हेही खरं.

अशात एका एजंटचा फोन आला. यिशुनला घर आहे, जुन्या एचडीबी, म्हणजे सरकारी घरांच्या ब्लॉकमध्ये, सातव्या मजल्यावर, भाडं बाजारभावापेक्षा कमी. आणि मालकीणबाईंना इंडियन फॅमिलीच हवी आहे. मी निखिलला म्हटलं, यात काहीतरी गोम आहे. तो म्हणाला, असू दे की गोम, बघून तर येऊ.

मालकीणबाई व्हीलचेअरमध्ये बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, चिनी, अंगानं एवढ्याशा. मागे त्यांची मुलगी लिंडा उभी होती, साधारण माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. इथे वयस्कर बायकांना सगळे आंटीच म्हणतात, तशा त्या आमच्याही आंटी झाल्या. दारातून आत गेलं की समोरच्या भिंतीशी छातीएवढ्या उंचीचं एक लाकडी कपाट होतं, दोन झडपांचं. आंटींनी झडपा उघडल्या. आत एक लाल रंगाची लाकडी पाटी उभी होती, वीतभर, त्यावर सोनेरी चिनी अक्षरं. पुढे उदबत्त्या खोचायचं भांडं आणि एक छोटा कप. ती पाटी म्हणजे त्यांचे वारलेले यजमान. म्हणजे फोटो लावतो तसं नव्हे. त्यांच्याकडे माणूस गेल्यावर त्याचा आत्मा त्या पाटीत येऊन राहतो असं मानतात.

गोम ती हीच. आंटींचं कंबरेचं हाड मोडलं होतं, त्या नर्सिंग होममध्ये राहायला चालल्या होत्या. तिथे उदबत्ती लावू देत नाहीत. लिंडा चर्चला जाते, तिच्या नवऱ्याला घरात हे चालत नाही. देवळात अशा पाट्या ठेवायची सोय असते, पण आंटींना शेजारीशेजारी दोन जागा हव्या होत्या, एक अंकलची आणि एक पुढेमागे स्वतःची, आणि तशा जागेसाठी रांग होती. तोवर अंकलना सांभाळणारं कुणीतरी या घरात हवं होतं. इंडियन लोक घरात देव ठेवतात, म्हणजे त्यांना कळतं, असा आंटींचा हिशोब होता.

त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "यू प्रे ॲट होम?"

"येस आंटी," मी म्हटलं. "एव्हरी डे."

आमचे देव तेव्हा दोन वर्षं ड्रॉवरमध्ये होते. पासपोर्टच्या शेजारी.

मग त्यांनी मला सगळं समजावलं, मोडक्या इंग्लिशमध्ये आणि हातवारे करून. रोज सकाळी एक उदबत्ती आणि एक कप कोपी, म्हणजे इथली कडक कॉफी. अंकलना काळी लागायची, बिनसाखरेची. आपण प्यायच्या आधी त्यांना द्यायची. गावाला गेलीस तर नुसतं पाणी ठेव, काही हरकत नाही. माझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरून ठेवला होता आणि तो सुटेपर्यंत मी मान डोलावत होते. देवळात अंकलची पाटी एकदा बसलेली डोळ्यांनी पाहिली की मी सुटले, असं त्या लिंडाला त्यांच्या भाषेत म्हणाल्या. लिंडानं मला ते इंग्लिशमध्ये सांगितलं.

पहिला महिना मी इमानेइतबारे केलं. खरं सांगायचं तर मला छानही वाटायचं. खालच्या कोपीटियममधून — म्हणजे चहा-कॉफीच्या दुकानातून — खास कोपी आणायचे. मग इन्स्टंट कॉफी सुरू झाली. मग ते काम मी ईराकडे ढकललं, आणि तिची परीक्षा आली. मग उदबत्ती गेली, कारण ईराला शिंका येतात. जूनमध्ये कधीतरी कप धुऊन ठेवला तो पुन्हा भरलाच नाही. ठरवून काही केलं नाही हो. रोज सकाळी सव्वा तासाचा प्रवास, डबे, शाळेची बस... पण ही कारणं मीच मला तेव्हा सांगितली होती, आता तुम्हाला कशाला सांगतेय कोण जाणे.

ऑगस्टच्या शेवटी सासूबाई आल्या, गणपतीसाठी. बिचाऱ्या स्वभावानं गरीब आहेत, त्यांच्यावर काही ढकलायचं नाहीये मला. त्यांनी कपाट उघडून पाहिलं आणि हे काय म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्या जरा घुटमळल्या आणि म्हणाल्या, "मेधा, लोकांच्या घरचे पितर आहेत ते. गणपतीसमोर कसे चालतील गं? थोडे दिवस बाजूला ठेव, मग परत मांड."

बाजूला म्हणजे कुठे, ते त्या बोलल्या नव्हत्या. ते मी ठरवलं. पाटी टॉवेलमध्ये गुंडाळून मी स्टोअररूममध्ये ठेवली, व्हॅक्यूम क्लीनर आणि जुन्या चपलांच्या वरच्या फळीवर. कपाटात आमचा गणपती बसला. दिसायला फार सुरेख दिसत होतं, फोटोंना भरपूर लाइक्स आले.

विसर्जनाच्या आदल्या दिवशी मी घरून काम करत होते. सासूबाई ईराला घेऊन खाली गेल्या होत्या. जेवणानंतर केर काढावा म्हणून व्हॅक्यूम ओढला, त्याची वायर फळीवरच्या टॉवेलला अडकली आणि पाटी खाली आली. बेताचाच आवाज झाला. टॉवेल उघडला तर मधोमध, अक्षरांवरून, सरळ तडा गेला होता.

इथे मी लिंडाला फोन करायला हवा होता. बस, एवढंच करायचं होतं. फोन हातातही घेतला होता. पण मग ती विचारणार, कपाटातून पडलीच कशी? मग स्टोअररूम, मग चपला, मग कोपी... सगळं एकामागून एक बाहेर आलं असतं. आणि घर गेलं असतं. ते एजंट, ते 'कुकिंग करणार का', सगळं पुन्हा पहिल्यापासून. मी फोन खाली ठेवला.

आणि मग माझ्या डोक्यात तो विचार आला. आपल्याकडे भंगलेली मूर्ती घरात ठेवत नाहीत. तिचं विसर्जन करतात. हे काही मी शोधून काढलेलं नाही, लहानपणापासून पाहत आलोय आपण सगळेच. देवावर माझा विश्वास नाही, पण ही रीत मात्र त्या दिवशी मला अगदी चोख आठवली. सोयीची होती ना. आपण अंकलना टाकून देत नाही आहोत, मानानं निरोप देतोय, असं मी स्वतःला पटवलं आणि मला चक्क बरं वाटलं.

दरवर्षी आमचा गणपती घरी बादलीत विसर्जित होतो. या वर्षी मी म्हटलं, आई आल्या आहेत तर समुद्रावर जाऊ. सासूबाई हरखून गेल्या. मला मात्र त्यांच्या त्या आनंदाकडे बघवेना.

गुरुवारी दुपारी आम्ही सेंबावांगच्या किनाऱ्यावर गेलो. यिशुनहून जवळ आहे. दोनचार माणसं मासे धरत बसली होती, बाकी कुणी नव्हतं. एवढासा शाडूचा गणपती, पाण्यात लगेच विरघळला. मग मी निखिलला म्हटलं, तुम्ही बसस्टॉपकडे चला, मी निर्माल्याची पिशवी आवरून येते. ते वळल्यावर मी बाजूच्या दगडांपाशी गेले आणि पर्समधून पाटी काढली.

हात जोडले. घरून आणलेल्या अक्षता उरल्या होत्या त्या वाहिल्या. सवयीनं तोंडातून 'पुनरागमनाय च' सुद्धा निघालं. बाप्पाला म्हणतो तसं, पुन्हा या. मग पाटी पाण्यात सोडली.

लाकूडच ते, तरंगणारच की. हे इंजिनिअरिंग केलेल्या बाईच्या डोक्यात आलं नव्हतं. पाटी दोन हात लांब गेली आणि लाटेबरोबर परत माझ्या पायाशी आली. पुन्हा ढकलली, पुन्हा आली. मासे धरणाऱ्यांपैकी एकानं मान वळवली तशी मी त्याच्याकडे पाठ केली. मी पाटी उचलली, पर्समधली बाजाराची कापडी पिशवी काढली, पाटी आत आडवी घातली आणि तिच्यावर दगड ठेवले. मोठे, दोन. बंदांची घट्ट गाठ मारली आणि पिशवी दगडांच्या फटीतून खोल पाण्यात सोडून दिली. या वेळी काही वर आलं नाही.

हे दगडांचं कुणालाही माहीत नव्हतं. सासूबाईंना नाही, निखिलला नाही. मी पिशवी भरली तेव्हा माझी पाठ सगळ्यांकडे होती. हे नीट लक्षात ठेवा, कारण मी स्वतः हजार वेळा तपासून पाहिलंय.

रविवारी लिंडाचा फोन आला. चर्चनंतर ती नर्सिंग होममध्ये जायची, तिथूनच करत होती. आधी इकडचं तिकडचं बोलली, मग ओशाळल्यासारखी म्हणाली, मेधा, वाईट वाटून घेऊ नकोस, पण घरात गळतंय का कुठे? पपांच्या कपाटापाशी? मी म्हटलं, नाही, का? ती म्हणाली, गुरुवारपासून मा विचित्र बोलतेय. पपा येऊन तिच्या खाटेशी उभे राहतात म्हणे, नखशिखांत भिजलेले. आणि तिला विचारतात, माझ्या छातीवर दगड का ठेवलेत?

मी किचनमध्ये उभी होते. समोर कुकरची शिटी होत होती. मी गॅस बंद केला आणि म्हटलं, सगळं ठीक आहे गं इथे.

मग आंटींनी फोन घेतला. आवाज अगदी नेहमीचा, मऊ.

"अंकल ड्रिंक कोपी?"

"येस आंटी," मी म्हटलं. "एव्हरी डे."

त्या 'गुड, गुड' म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून मी कोपी पुन्हा सुरू केली. हसू नका. गणपती उठले होते, कपाट रिकामं होतं, त्याच्या झडपा मी बंदच ठेवत होते म्हणजे घरातल्या कुणाला कळू नये. त्या बंद झडपांपुढे, कपाटाच्या कडेवर, रोज सकाळी खालून आणलेली गरम काळी कोपी ठेवायची, उदबत्ती लावायची. सासूबाईंना वाटलं पाटी परत मांडली. त्या कौतुकानं म्हणाल्या, तू किती मनापासून करतेस गं परक्या माणसांचं. त्या शनिवारी त्या पुण्याला परत गेल्या, माझ्याबद्दल असं चांगलं मत घेऊन.

ऑक्टोबर सुरू झाला होता. एका सुट्टीच्या दिवशी दुपारी ईरानं तो थंड झालेला कप उचलला आणि गंमत म्हणून एक घोट घेतला. तोंड वेडंवाकडं करून ओरडली, "ममा, व्हाय यू पुट सॉल्ट? सो सॉल्टी ला!"

मला वाटलं कडू म्हणायचंय तिला. मी चाखून पाहिली. मंडळी, खारट होती. चिमूटभर मीठ पडल्यासारखी नाही. समुद्रात नाकातोंडात पाणी जातं ना, तशी. मी तिथेच थुंकले, सिंकपर्यंतही पोचू शकले नाही.

त्या संध्याकाळी मी निखिलला सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. पाटी, पिशवी, दगड, आंटींचं बोलणं. मग त्याच्यातला इंजिनिअर जागा झाला. दुकानवाल्यानं साखरेऐवजी मीठ घातलं असेल. मी म्हटलं, अरे बिनसाखरेची सांगते मी, घालतोय कशाला तो काही? दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः कोपी आणली. सकाळी चाखली, ठीक होती. दुपारी खारट. तिसऱ्या दिवशी घरी केली, तेच. त्याच कोपीचा दुसरा कप टेबलावर ठेवला होता, तो मात्र नीट. मी दिवसभर लोकांना 'पुन्हा करून दाखव' म्हणते, आणि इथे ते रोज पुन्हा होत होतं. चौथ्या दिवशी निखिलनं चाखायचं सोडलं. म्हणाला, "मेधा, हे काय आहे मला माहीत नाही. तू लिंडाला सांगून टाक."

सांगते म्हटलं. नाही सांगितलं.

कारण त्याच आठवड्यात देवळातून निरोप आला. जोडीची जागा मिळाली होती. लिंडाचा स्वर आनंदानं फुलला होता. मा दोन रात्री झोपली नाहीये म्हणाली, नवे कपडे काढून ठेवलेत, व्हीलचेअरची गाडी ठरवायचीय. पाटी न्यायला कधी येऊ?

मी म्हटलं, ऑफिसमध्ये मोठं रिलीज आहे, हा आठवडा जमत नाही. ती म्हणाली बरं. पुढच्या आठवड्यात मी म्हटलं, ईराला ताप आहे. ती ईरासाठी सूपच घेऊन यायला निघाली होती, तिला मी कसंबसं थोपवलं. आणि तिसऱ्या वेळी... मी म्हटलं, आमची दिवाळी आहे. दिवाळीत घरातलं देवाचं काही बाहेर नेत नाहीत. आमच्यात चालत नाही.

असं काही नसतं. मी बनवलं.

लिंडा लगेच म्हणाली, ओ, सॉरी सॉरी, तुमच्या धर्माचं आहे, आम्ही थांबू. मा समजून घेईल.

या सगळ्या काळात रविवारचा फोन चुकला नाही. लिंडा नंबर लावून द्यायची, आंटी तोच प्रश्न विचारायच्या, मी तेच उत्तर द्यायचे. दिवाळीनंतरच्या रविवारी मात्र मी ठरवलं, आता पुरे, तोंडानं सांगायचं. खालून कोपी घेतली, इथे प्लॅस्टिकच्या पिशवीत दोरी बांधून देतात तशी, आणि नर्सिंग होममध्ये गेले.

आंटी खिडकीशी बसल्या होत्या. आणखी वाळल्या होत्या. मी कोपी कपात ओतून दिली तर म्हणाल्या, ही अंकलची आवड, मला साखर घातलेली लागते. आणि हसल्या. मग आपणहून अंकलबद्दल बोलायला लागल्या. सेंबावांगच्या शिपयार्डमध्ये वेल्डर होते. "थर्टी इयर्स शिपयार्ड," त्या म्हणाल्या, "कॅनॉट स्विम. स्केअर्ड ऑफ वॉटर."

मी जमिनीकडे बघत होते. शब्द अगदी ओठांवर आले होते. त्यांनी माझा हात धरला, घर दाखवलं होतं त्या दिवशी धरला होता तसाच, आणि विचारलं, "अंकल ओके? ड्रिंक कोपी?" आणि थांबल्या. इतका वेळ थांबल्या की मी वर पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या, अगदी शांत.

मी म्हटलं, "येस आंटी. एव्हरी डे."

त्यांनी हात थोपटला आणि सोडला.

पुढच्या दोन रविवारी फोन आला. तिसऱ्या रविवारी लिंडा एकटीच बोलली. पहाटे झोपेतच गेल्या होत्या.

रडून रडून लिंडाचा आवाज बसला होता, तरी तिनं मला विचारलं की आज संध्याकाळी पाटी न्यायला आलं तर चालेल का. दोघांना बरोबरच देवळात ठेवू म्हणाली. मी ये म्हटलं.

ती आली तेव्हा निखिल ईराला घेऊन खाली गेला होता. मी तिला बसवलं, कपाटाच्या झडपा उघडल्या आणि रिकामं कपाट दाखवलं. मग सगळं सांगितलं. ड्रॉवरमधल्या देवांपासून ते दिवाळीपर्यंत, काही लपवलं नाही. मध्ये एकदा वाटलं ती उठून माझ्या कानाखाली वाजवेल. वाजवावी असं वाटत होतं. ती फक्त ऐकत होती. 'दगड' म्हटल्यावर मात्र तिनं तोंडावर हात ठेवला.

"किती दगड?" तिनं विचारलं.

"दोन."

मग तिनं जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितेय.

त्या पहिल्या रविवारी, फोन ठेवल्यावर, आंटी तिला म्हणाल्या होत्या की पाटी घरात नाही. त्या मुलीनं ती समुद्रात ठेवली. दोन दगड. पण तिनं हात जोडले, तांदूळ दिले, ती वाईट मुलगी नाही. घाबरली आहे. तू तिला काही विचारू नकोस, ती स्वतः सांगेल.

लिंडाला वाटलं, म्हातारपणामुळे मा भरकटतेय. डॉक्टरांनाही तिनं तसं सांगितलं होतं. देवळातली जागा मिळाली तेव्हा तिथल्या माणसांनी सांगितलं होतं की पाटी जुनी असेल तर नवी करून देतो, विधी करून चार दिवसांत. लिंडा म्हणाली, मी मा-ला म्हटलं होतं, नवीच करू या का, मेधाला नाही वेळ तर. मा नको म्हणाली. नवी केली तर ती मुलगी मग कधीच सांगणार नाही म्हणाली. आयुष्यभर ते दगड तिच्याच छातीवर राहतील. थांबू आपण. मला म्हणायची, रविवार झाला, फोन लाव.

मी तिच्या पायाशी बसले होते. तिनं मला उठवलं नाही आणि ढकललंही नाही.

पाट्या चार दिवसांत झाल्या, दोन्ही. एकदाही काही अडचण आली नाही. मला देवळात यायला लिंडानंच सांगितलं आणि मी मागे उभी राहिले. शेजारीशेजारी दोन लाल पाट्या. ज्या डोळ्यांनी त्या पाहायच्या होत्या ते डोळे तेवढे नव्हते. घर लिंडानं आमच्याकडेच ठेवलं. आम्ही सोडतो म्हटलं तर म्हणाली, मा-ला आवडलं नसतं. कपाटही तिथेच आहे. त्या दिवसापासून कोपी खारट होत नाही.

कोपीचं काय झालं, मला माहीत नाही. केमिस्ट्री शिकलेल्या नवऱ्यालाही नाही. दगड कुणी पाहिले, अक्षता कुणी पाहिल्या, यिशुनच्या नर्सिंग होममध्ये खाटेवर पडलेल्या बाईला ते कसं कळलं... तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असेल तर खाली लिहा, मी खवचट कॉमेंट करणार नाही. मी फक्त परवा कॅलेंडर काढून बसले आणि त्या पहिल्या फोनपासूनचे रविवार मोजले. अकरा भरले. अकरा वेळा त्यांनी विचारलं आणि वाट पाहिली. अकराही वेळा मी 'येस आंटी, एव्हरी डे' म्हणाले.